चिठ्ठी बघायची नाही

चप्पल काढून ऋचा पुन्हा वजनकाट्यावर चढली. नियाजचाचांच्या मेडिकलच्या दारातलं ते यंत्र चपलेला भुललं नाही. खर्र करत पुन्हा तीच चिठ्ठी बाहेर आली. अठ्ठेचाळीस किलो.

"सरक, आता मी," म्हणत राजसने तिला बाजूला सारलं. चिठ्ठी मुठीत चुरगाळून ती रस्त्याकडे बघत उभी राहिली. घरून निघतानाच दोघांचं ठरलं होतं, कुणी कुणाची चिठ्ठी बघायची नाही. जुळी असली म्हणून काय झालं!

महिनाभर ऋचाने काय नाही केलं? मावसबहिणीच्या साखरपुड्याच्या फोटोत तिला स्वतःचे दंड दिसले होते. तेवढेच दिसले. तेव्हापासून सकाळी वडाळे तलावाला पाच फेऱ्या, दुपारी नुसती काकडी आणि रात्री "अगं आई, क्लासवरून येताना खाल्लं." तिच्या वाटच्या पोळ्या राजस आनंदाने संपवायचा. त्याला दंड हवे होते. सहा अंडी, चार केळी, वर लोटाभर दूध, आणि मग जिम. सोळा वर्षांची दोघं, उंचीला अगदी सारखी. दोघंही हल्ली हाक न मारता पहाटे उठतात, याचंच आईला कोण कौतुक!

पँट कमरेत सैल होतेय, हे ऋचाच्या लक्षात आलं होतं. पण आजकाल कपडेच ढगळ शिवतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

राजस काट्यावरून उतरला तो तोंड पाडूनच. "चल."

एरवी भांडल्याशिवाय त्यांची वाट सरत नसे. आज दोघंही खाली मान घालून चालत होती. ऊन चढलं होतं. एसटी स्टँडच्या अलीकडे ऋचाला एकेका रिक्षाच्या दोन-दोन दिसायला लागल्या. कानात शिट्टी वाजली आणि ती एका बंद दुकानाच्या पायरीवर मटकन बसली.

राजसची पाचावर धारण बसली. तो धावत समोरच्या गाडीवरून लिंबूसरबत घेऊन आला.

"सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही."

"आणि रात्री?"

ऋचाने सरबताचा ग्लास तोंडाला लावला. काल रात्रीची तिची पोळी कुणी खाल्ली, ते त्याला आठवलं असावं. तिचं तोंड पुसायला त्याने खिशातून रुमाल ओढला, तशी त्याची चिठ्ठी तिच्या मांडीवर पडली. तिने ती वाचली. पुन्हा वाचली.

"हे तुझं वजन?"

"बघायचं नाही ठरलं होतं ना!" तो वैतागला. "एवढं हादडून अठ्ठेचाळीस. जिममध्ये सगळे मला काडीपैलवान म्हणतात."

ऋचाने मूठ उघडली. घामाने भिजलेला कागद गुडघ्यावर सरळ केला आणि त्याच्या चिठ्ठीला चिकटवून धरला. तिला हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं.

"तू काडीपैलवान, तर मग मी कोण रे?"

राजसने आधी दोन्ही चिठ्ठ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तूही काडीच," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला माहितीये."