आडवे, उभे, आडवे

ताई पीएचडीसाठी कॉम्प्युटरवर चौकोनांचा अभ्यास करते. शेजारचे चौकोन बघून प्रत्येक चौकोन पेटतो नाहीतर विझतो, नियम एवढाच. आज आईनं मागून डोकावून पाहिलं, तर तीन चौकोनांची एक ओळ आडवी व्हायची, उभी व्हायची, पुन्हा आडवी.

"अगं, एवढं शिकून हे? आणि असं किती वेळ चालणार?"

"कुणी मध्ये पडलं नाही, तर जन्मभर."

"कठीण आहे बाई तुझं!" आईनं कपाळाला हात लावला आणि बाबांना हाक मारली. "अहो, उठा. सोफा असा उभा नाही शोभत. परत होता तसा आडवा लावू या."


बाबांनी कमरेचा पट्टा आवळत ताईकडे केविलवाणं पाहिलं. ताई मध्ये पडली नाही.