मधपेटीला सांगायचं नाव

मिसबाई मधपेटीला कान लावून उभ्या होत्या. पाण्याचा हंडा घेऊन आलेली हौसा थबकली. एरवी उलटं असायचं. लढाईत आपलं कुणी गेल्याची तार आली, की मिसबाई घराच्या किल्लीनं पेटीवर तीनदा टकटक करत आणि आतल्या माश्यांना त्याचं नाव सांगत. विलायतेत त्यांच्या गावची रीतच होती ती. घरातलं मरण माश्यांपासून लपवलं, तर त्या पेटी सोडून जातात म्हणे.

"आज तर तार नाही आली," हौसा म्हणाली.

"आज त्या सांगतायत."

हौसानं हंडा खाली टेकवला. मिसबाईंचा एक धाकटा भाऊच तेवढा उरला होता, आफ्रिकेच्या लढाईत. आगबोट मिळतेय तोवर मायदेशी जा, असं साहेबलोकांनी बजावलं, तरी या बाई पाचगणीचा डोंगर सोडून हलल्या नव्हत्या. एकटीचं घर, एकटीचा हट्ट.

दुपारी तारवाला आलाच. हौसानं तोंडाला पदर लावला. मिसबाईंनी तार वाचली आणि पायरीवर बसून त्या पोरीसारख्या हसत सुटल्या. भाऊ जखमी होता, पण जिवंत होता.

"बघा, माश्या खोटं बोलल्या!"

"त्यांनी त्याचं नाव घेतलंच नव्हतं, हौसा."

मिसबाईंनी कमरेची किल्ली सोडून तिच्या हातावर ठेवली. "उद्या सकाळी पेटीवर तू वाजव. तीनदा. आणि नाव सांगताना मिसबाई म्हणू नकोस, विनिफ्रेड म्हण. सकाळपासून माश्या मला त्याच नावानं हाका मारतायत."