फुकटची तपासणी

पडद्यावर अरबी अक्षरं उलटी तर उमटत नाहीत ना, हे तपासणारं एक साधन कुतैबाने तीन वर्षांपूर्वी टोपणनावाने फुकट वाटलं. कुणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकावी, की प्रत्येक बदलानंतर तपासणी आपोआप व्हायची. शेकडो जणांनी ती ओळ टाकली आणि तेव्हापासून "बंद पडलंय, कधी दुरुस्त करताय?" या तगाद्याने त्याच्या फोनला उसंत नव्हती. शेवटी वैतागून त्याने अम्मानमध्ये नोकरी धरली. बाहेरचं एकही काम करायचं नाही, या अटीवर तर त्याने हसत हसत सही केली.

पहिल्याच सकाळी साहेब अबू नईम चहाचा पेला घेऊन त्याच्या टेबलापाशी आले.

"हे बघ, हबीबी, आपलं सगळं काम एका फुकटच्या तपासणीपाशी अडलंय. ती करून ठेवली आणि पठ्ठ्या पसार! तू त्याला रोज लिहायचं, अगदी पिच्छा पुरवायचा. दुरुस्त होईपर्यंत तुझं काम एवढंच."

"बरं, अबू नईम," म्हणत कुतैबाने पहिला निरोप धाडला.



त्याच्या खिशातला फोन थरथरला.