बंदी घातलेलं वचन

दर रविवारी एक वचन पाठ करून यायचं, ही ओहोळसरांच्या बायबलवर्गाची रीत. त्यात 'येशू रडला' या वचनाला बंदी होती. अख्ख्या शास्त्रात याहून आखूड वचन नाही, आणि आळशी पोरं तेवढंच म्हणून खाली बसत.

गुरुवारी सरांनी बायकोला माती दिली आणि रविवारी ते वर्गावर हजर झाले. भेटायला येणाऱ्यांना तेच धीर देत होते. तीस वर्षं पोरांना पुनरुत्थान शिकवलं, आता आपणच रडलो तर शिकवलेलं खोटं पडेल, असं त्यांना वाटे.

पहिलीच उठली हुशार जेमिमा. म्हणाली, "येशू रडला."

पोरं खिदळली.

"काय बाईसाहेब, गेल्या रविवारी अख्खं स्तोत्र आणि आज दोन शब्द? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे, सर. पण येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा, तो आता पुन्हा जिवंत उठणार हे येशूला ठाऊक होतं ना?"

"होतं की. तोच तर उठवणार होता."

"तरी रडला. म्हणजे आपल्याला चालतं, सर."

सरांनी चष्मा काढला. "डोळे मिटा, प्रार्थना करू," एवढंच त्यांना म्हणता आलं. पुढे शब्द आलेच नाहीत, नुसते हुंदके आले. आमेनची वाट पाहणाऱ्या अकरा पोरांपैकी एकानेही पापणी उचलली नाही.