दाढदुखीचं सोंग

म्हाताऱ्याने आ केला आणि डॉक्टरीणबाईच्या हातातला छोटा आरसा जागीच थांबला. वरचा सुळा शेजारच्या दातावर चढून बसलेला, अगदी तस्साच! असा सुळा तिने आजवर एकाच तोंडात पाहिला होता, आणि त्या तोंडाच्या मालकाशी लग्न करायचं स्वप्न ती वर्षभर बघत होती. नाव काहीही सांगू दे, हा त्याचाच बाप.

"बाबा फार कडक आहेत, बोलतो एकदा," असं तो वर्षभर म्हणत होता. बाबा म्हणजे वजनमापांचे निवृत्त इन्स्पेक्टर. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस आज होणाऱ्या सुनेला तपासायला आला होता. तेही गुपचूप, दाढदुखीचं सोंग घेऊन! मदतनीस मावशींनी डोळ्यांनीच विचारलं, तेच का हे? डॉक्टरीणबाईने मान हलवली. मावशींच्या हातून कापसाचा डबाच पडला.

आता आली का पंचाईत!

"उजवीकडची खालची दाढ," इन्स्पेक्टर म्हणाले. "फार ठणकते हो."

तिने दाढ ठोकून पाहिली, एक्स-रे काढला. दाढ चांगली खणखणीत होती. दोन गोळ्या लिहून द्याव्यात आणि सासऱ्याचं मन राखावं, असं तिच्या मनात येऊनही गेलं. पण जिभेला कुठे दम धरवतोय!

"या दाढेला काहीही झालेलं नाही. चांगल्या दाताला मी हात लावत नाही. डावीकडची वरची मात्र आतून पार किडली आहे. नस मेलीय म्हणून गप्प आहे. रूट कॅनाल करावं लागेल."

झालं! मोडलं लग्न, असं तिला वाटलं. इन्स्पेक्टर पांढरेफटक पडले होते.

"दुखेल?"

"इंजेक्शन देताना मुंगी चावल्यासारखं होईल. मग ओठ सुजल्यासारखा वाटेल, पण सुजलेला नसतो. आतली घाण साफ करून आज तात्पुरतं सिमेंट भरते. पुढच्या वेळी पक्कं भरायचं, मग वर कॅप. एकदोन दिवस चावताना दुखेल, ते मात्र आधीच सांगते."

"कुणी घाबरून मध्येच उठलं तर ओरडता का?"

"नाही. पाणी देते आणि परत बसवते."

"आणि रडलं तर?"

"रुमाल देते."

"हं," इन्स्पेक्टर म्हणाले. त्या 'हं'मध्ये आपले किती गुण कापले, याचा हिशेब करत तिने सुई उचलली. हात मात्र स्थिर होते. काम सुरू झालं की ते नेहमीच तिचं ऐकत.

काम संपलं. "चूळ भरा," ती म्हणाली. बधिर ओठातून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट मावशींच्या चष्म्यावर. मावशी किंचाळल्या. डॉक्टरीणबाईने हसू दाबलं, पण ते नाकातून फुटलं. मग काय, इन्स्पेक्टरही अर्ध्याच तोंडाने हसू लागले, आणि ते बघून तिघांचीही हसून हसून मुरकुंडी वळली.

इन्स्पेक्टरांनी हनुवटी पुसली. "पोरी, मला ओळखलंस ना?"

"आ केलात तेव्हाच," ती डोळे टिपत म्हणाली. "मी नापास ना, बाबा?"

"नापास? अगं, तुला तपासायला आलंय कोण? आमचं कार्टं वर्षभर माझं नाव पुढे करतंय. तू लग्नाला नाही म्हणशील या भीतीने घरात नुसत्या येरझारा घालतंय. शेवटी म्हटलं, थांब बाबा, आधी मी जाऊन बसतो तिच्यापुढे, फार दुखतं का बघून येतो."