बोज्जण्णा कुणाचा

पांडुरंगरावांनी चष्मा पुसून फोन पुन्हा डोळ्यांशी धरला. बोज्जण्णाच होता. तीच ढेरी, तोच डाव्या कानावर घसरलेला रुमाल, तोच एका बाजूला कललेला तराजू. वर इंग्रजीत ठसठशीत नाव, तेही बोज्जण्णाच. फक्त हा एका कॉमिकच्या मुखपृष्ठावर होता, रंगीत होता, आणि पांडुरंगरावांनी काढलेला नव्हता.

म्हैसूरच्या एका सायंदैनिकात पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पंचवीसेक वर्षं त्यांच्या व्यंगचित्रातला बोज्जण्णा बसत होता. ढेरपोट्या किराणावाला, गिऱ्हाइकाला रोज एक नवं वाक्य ऐकवणारा. बँकेच्या नोकरीनं त्यांना पेन्शन दिलं, पण रस्त्यात लोक हात जोडायचे ते बोज्जण्णाला. देवराज मार्केटातला फूलवाला तर त्यांना त्याच नावानं हाक मारायचा.

चित्र पाठवणारे संपादक चिदंबर फोनवर स्पष्टच बोलले होते. “राव, कुणी कुणाचं उचललं, असं वाचक विचारायला लागलेत. सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर चौकट थांबवावी लागेल. ती चित्रकार आपल्या गावातच राहते म्हणे. इरा नावाची.”

इरा. ती तर पांडुरंगरावांच्याच माडीवर भाड्यानं राहत होती.

आता एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. नाशिकची पोर, कंपनीच्या नोकरीसाठी आलेली. मला कन्नड वाचता येत नाही म्हणायची. मग रद्दी कशाला मागून नेते? म्हणे, रंग सांडतात, खाली अंथरायला. गेल्या दसऱ्यात, इथे घरोघर असते तशी बाहुल्यांची मांडणी बघायला खाली आली ती संध्याकाळभर उठलीच नाही. किराणावाल्या बाहुलीसमोर फतकल मारून त्यांच्या बायकोशी, नागरत्नाबाईंशी, गुलुगुलु बोलत बसली. तेव्हा त्यांना वाटलं होतं, पोर हौशी आहे. हौस कसली, टेहळणी होती ती.

ती बाहुली नागरत्नाबाईंच्या माहेरची. लेकीला लग्नात राजाराणीची लाकडी जोडी द्यायची ही म्हैसूरची रीत. त्यांच्या आईनं जोडीबरोबर हा मातीचा दुकानदारही दिला. नवी सून सासऱ्यांसमोर तोंड कसं उघडणार? मग ती बाहुलीच्या आडून बोलायची. ‘बोज्जण्णा म्हणतो, पाहुणे वाढले, डब्यातला तांदूळ नाही वाढला.’ सासरे गालातल्या गालात हसायचे आणि तांदूळ यायचा. ती सवय अजून सुटली नव्हती. सकाळी कॉफी गाळता गाळता बोज्जण्णाच्या नावानं बाईंची बडबड चालायचीच. पांडुरंगराव तिकडे लक्ष देत नसत. त्यांना नेमकं त्याच वेळी चित्र सुचायचं.

बायकोला त्यांनी फोनचं काही कळू दिलं नाही. तिचा त्या पोरीवर भारी जीव. बिसीबेळेभात केला की पहिलं ताट माडीवर. गेल्या आठवड्यात त्या पोरीच्या पुस्तकाबद्दलही ती काहीतरी सांगत होती, आणि पेपरातून डोकं वर न काढता आपण ‘हं’ म्हणालो होतो, हे त्यांना आठवलं. म्हणजे हिला ठाऊक होतं. कात्रणं हिनंच दाखवली असणार. घरभेदी घरातच असतो, आणि तो घरात आहे हे शेवटी कळतं. रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. उतारवयात चोर ठरायचं, तेही आपल्याच बोज्जण्णापायी, हे काही केल्या सोसवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इरा पुस्तकांचं खोकं घेऊन जिना चढत होती. पांडुरंगराव वळणावर उभेच होते.

“बोज्जण्णा कुणाचा?”

इरा थबकली. “काका? तुम्हाला पुस्तक आवडलं नाही का?”

“चोराच्या उलट्या बोंबा. माझं नाव, माझा तराजू, माझी वाक्यं. पाहुणे वाढले, तांदूळ नाही वाढला, हे मी केव्हाच छापलंय.”

“पेपरातला बोज्जण्णा पाहिलाय मी, काका. मजकूर कळत नाही, पण चित्र कळतं. म्हणून तर काकूंना विचारलं, पुस्तक काढलं तर चालेल ना.”

“तिला विचारलंस? तिचा काय संबंध?”

इरानं खोक्यातलं वरचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. फोनवरच्या चित्रात मुखपृष्ठाचा खालचा भाग कापला गेला होता. इथे तो होता. ‘चित्रं: इरा.’ त्याच्या वर, त्याहून मोठ्या अक्षरांत, ‘गोष्टी: नागरत्ना.’

पांडुरंगराव उभ्या उभ्या पानं उलटू लागले. प्रत्येक वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. प्रत्येक वाक्य त्यांनी कधी ना कधी पेपरात दिलं होतं. आणि आज पहिल्यांदाच ती वाक्यं त्यांना ऐकू येत होती, कॉफीच्या वासासकट, बायकोच्या आवाजात.

खाली दारात नागरत्नाबाई येऊन उभ्या राहिल्या. “सुम्ने, उगाच ओरडू नका री तिच्यावर. घाबरेल पोर.”

“मला सांगायचं नाही?” त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

“सांगितलं की. तुम्ही हं म्हणालात.”

त्यांनी मुखपृष्ठावरच्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. “पण इतकी वर्षं तू कधी काही बोलली नाहीस. मग आताच नाव कसं दिलंस?”

नागरत्नाबाईंनी पदराला हात पुसले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

“तिनं विचारलं,” त्या म्हणाल्या, “नाव कुणाचं घालू म्हणून.”