पाळण्याखालची पेटी

निफाडच्या थंडीत पांढरी सशीण मेली, तेव्हा तिच्या पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. सकीनाने त्यांची पेटी घरात आणली आणि ऊब मिळावी म्हणून नातीच्या पाळण्याखाली सरकवली.

ड्रॉपरने पाजलेलं दूध पिल्लांच्या तोंडातून ओघळून जात होतं. ती जगणार नाहीत असं धरूनच सकीना सकाळी पेटी उघडायला बसली. पण पिल्लांची पोटं टम्म होती. पातळ कातडीखाली दूध पांढरं दिसत होतं. अंगावर ताज्या पांढऱ्या केसांचा थर होता, सशीण आपल्या पोटाचे केस उपटून घालते तसा.

सकीनाने कुणाला काही विचारलं नाही. विचारलं तर थांबेल, असं तिला वाटलं. रोज सकाळी ती पोटं चाचपायची आणि पेटीत वाकून म्हणायची, "लय उपकार झाले, बाई."

खरी काळजी वर पाळण्यात होती. तिच्या लेकीला, रिदाला, दूधच उतरलं नव्हतं आणि तान्ही अरफा बाटली तोंडात धरत नव्हती. रडून रडून पोरीचा आवाज बसला होता.

शेवटी एकदा सकीना पेटीपाशी हळूच म्हणाली, "आमच्या पोरीकडंबी बघ ना, बाई."

दुसऱ्या सकाळी पाळण्यातून रडणं आलंच नाही.

"अम्मी, तू पाजलं का हिला?" रिदाने विचारलं. "ओठांवर दूध हाय."

सकीनाने गोधडीत हात घालून नातीचं पोट चाचपलं. टम्म. तिचे डोळे भरून आले.

"लय उपकार झाले, बाई."

मग हाताला मऊ काहीतरी लागलं म्हणून तिने गोधडी दूर केली. अरफाच्या अंगावर पांढऱ्या केसांचा जाड थर होता. अजून कोमट.